जिन्याखालच्या बाकावरून

प्रति,
माननीय प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी वकील नाही. माझी संस्था नाही, लेटरहेड नाही, शिक्का नाही. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली, आता घरी असते. बलात्काराची, विनयभंगाची फिर्याद द्यायला निघालेल्या बायामुलींसोबत ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात जाते. सुरुवात मागच्या गल्लीतल्या एका लेकरापासून झाली. तिची आई म्हणाली, "बाई, तुम्ही नुसतं संगं चला." नऊ-दहा वर्षं झाली, मी नुसतं संगं जाते. तिथं मला कुणी काही विचारत नाही, त्यामुळं बघायला भरपूर वेळ मिळतो.

बघितलं ते सगळं लिहायचं तर वही पुरणार नाही. पोलिसांना लिहून झालंय, आरोग्य खात्याला लिहून झालंय, आमदारांना दोनदा. नवा कायदा मागायचा असता तर हे पत्रही मुंबईलाच गेलं असतं. पण मला जे मागायचंय ते आपल्या इमारतीच्या आत, आपल्या तोंडी सूचनेनं किंवा एका सहीनं होण्यासारखं आहे. म्हणून आपल्याला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडं म्हणतात. म्हण काढणाऱ्याच्या डोळ्यापुढं बांधाचा नाहीतर भाऊबंदकीचा वाद असावा. बांध सोडून देता येतो. मी जिच्याबद्दल लिहितेय तिच्याकडं सोडून देण्यासारखं काही राहिलेलं नसतं, म्हणून तर ती येते. आणि आली की पहिल्या दिवसापासून तिला हीच म्हण ऐकवतात. ठाणे अंमलदार ऐकवतो, सरपंच ऐकवतो, एकदा तर कोर्टाच्या आवारात स्टँप विकणाऱ्यानं ऐकवली, तीही स्टँप देता देता.

कायदा वाईट नाही, हे आधीच कबूल करते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द विचारायची नाही. नोंदवला नाही तर त्या पोलिसालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. जबाब बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा. दवाखान्यानं, खाजगी असला तरी, फुकट उपचार करायचे. दोन बोटांची ती घाणेरडी तपासणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच चूक ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला तर अशी तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं सांगितलं. हे सगळं मी पाठ केलंय, कारण ठाण्यात पाठ म्हणून दाखवावं लागतं.

व्यवहार असा की दवाखाना म्हणतो आधी पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, आणा. पोलीस म्हणतात साहेब येऊ द्या. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात आणि बाई अधिकारी शेजारच्या ठाण्यातून यायची असते. एकदा आम्ही दुपारी दोनला ठाण्यात गेलो, फिर्यादीवर सही झाली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तोवर त्या मुलीला लघवीलाही जाऊ दिलं नव्हतं. पुरावा जाईल म्हणे. मग दवाखान्यात अंगावरचे कपडे मुद्देमाल म्हणून पाकिटात गेले, लाखेची सीलं लागली, पंचांच्या सह्या झाल्या. मुलीनं घरी जाताना काय नेसायचं, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. नर्सबाईंनी पलंगावरची चादर दिली. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जुनी साडी, परकर आणि एक गाऊन कायम असतो.

पण ठाणं आणि दवाखाना आपल्या हाताखाली येत नाही. कोर्टाचा दिवस येतो. तोच सांगते. खूण पटू नये म्हणून तीन-चार जणींचं एकीत मिसळते आहे, गावाचं आणि कोर्टाचं नाव घेत नाही.

तिच्या गावातून तालुक्याला सकाळी एकच गाडी, मुक्कामी एस.टी. ती चुकली तर पुढची साडेअकराला, आणि पुकारा त्याआधी होतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून भाड्याचा भार थोडा हलका झालाय. पण गाडी एकच असल्यामुळं आरोपीचा भाऊ आणि चुलता त्याच गाडीत, दोन बाकं सोडून. चाळीस किलोमीटर. कुणी काही बोलत नाही. चुलता फक्त कंडक्टरला मोठ्यानं सांगतो, "कोर्टाची दोन द्या." गाडीतल्या ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं आज कोण कशाला चाललंय.

साडेदहाला आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसतो. दुसरीकडं जागा नसते. जामिनावर असलेला आरोपी समोरच्या खांबाला टेकून, त्याच्याभोवती आठ-दहा माणसं. त्यांच्यात एक वयस्कर बाई होती, त्याची मावशी. दुपारच्या सुट्टीत ती आमच्याजवळ आली, मुलीशेजारी टेकली आणि पाण्याची बाटली पुढं केली. "पी माय, पाणी पी. कामून जिवाला तरास करून घ्यायलीस? तुझ्या लग्नाचं आमी बघताव ना." मुलीनं बाटली घेतली. उघडली नाही, परतही दिली नाही. संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत तिच्या हातात ती तशीच होती, झाकणाला सुद्धा हात न लावलेली. त्या दिवशी साक्ष झाली नाही. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते.

मावशीवर मी रागावत नाही. १ मार्च २०२१ ला थेट सरन्यायाधीशांच्या कोर्टात एका आरोपीला विचारलं गेलं होतं, तिच्याशी लग्न करणार का? जळगावच्या त्या प्रकरणात खालच्या कोर्टानं दिलेला अटकपूर्व जामीन आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं कडक शब्दांत रद्द केला होता. पुढं खुलासा आला की नुसतं विचारलं होतं, लग्न कर असं सांगितलं नव्हतं. मावशीही नुसतं विचारतच होती. त्याच महिन्यात १८ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं, जामिनासाठी राखी बांधून घ्यायची अट रद्द करताना, कोर्टांना बजावलं की लग्न, तडजोड असलं काही सुचवायचं नाही. हुकूम दिल्लीहून निघाला. जिन्याखाली अजून यायचाय.

तारखा अशा जातात. एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, एकदा मुद्देमाल ठाण्यातून आला नाही, एकदा सी.ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतला रासायनिक तपासणीचा अहवाल, बाकी. पैरवी अधिकारी, म्हणजे कोर्टात खटल्याचं काम बघणारा पोलीस, येऊन सांगतो, "आज होत नाही, पुढची तारीख घ्या." साडेदहाला माहीत असलेली गोष्ट चार वाजता सांगतात. कापूस वेचणीचे दिवस असले तर एका तारखेला तिची आणि आईची मिळून दोन मजुऱ्या बुडतात. लग्न झालेली असली तर घरी सासूला सांगितलेलं असतं बँकेत आधारचं काम आहे म्हणून. पाचव्यांदा आधारचं काम निघालं की सासू काय ते समजते.

पुकाऱ्याचंही सांगते. तिची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. निकालपत्रात तिचं नाव झाकलेलं असतं, वर्तमानपत्र छापत नाही, मीही इथं लिहीत नाही. आणि शिपाई व्हरांड्यात येऊन तिचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण तीनदा पुकारतो. सगळा व्हरांडा मान वळवतो. त्या शिपायाला कुणी सांगितलेलंच नाही. खटल्याचा नंबर पुकारला तर चालणार नाही का?

आता साक्षीकडं येते. सुनावणी बंद दाराआड असते. मला कधी आत बसू देतात, कधी नाही. नक्कल मात्र मी वाचते, त्या मुलींना वाचूनही दाखवते. माझे आजोबा सांगायचे, निजामाच्या अदालतीत कागद उर्दूत असायचा, आपण काय बोललो ते कळायला मुन्शी गाठावा लागायचा. आता कागद मराठीत आहे. तरी नक्कल ऐकून या मुली मला विचारतात, "बाई, हे कुणी बोललं?"

एक मुलगी ठाण्यात माझ्यासमोर म्हणाली होती: "त्यानं मागून तोंड दाबलं, मी हाताला चावले, बांगड्या फुटल्या, मग त्यानं माझं डोकं पंपाच्या पाइपावर आपटलं." अंमलदार टाइप करत होते. कागदावर उमटलं, "यातील आरोपीने फिर्यादीचे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन करून जबरदस्तीने…" पुढं कलमं. चावणं गेलं, बांगड्या गेल्या, पाइप गेला. बारा वाजायला आलेले, सगळे दमलेले, मीही. वाचून दाखवलं तेव्हा ती मान हलवत राहिली. त्या भाषेतलं तिला काय कळणार होतं?

साडेतीन वर्षांनी पिंजऱ्यात उभी राहून तिनं पुन्हा तेच सांगितलं, चावले, बांगड्या, पाइप. उलटतपासणीत वकील म्हणाले, हे तर जबाबात नाही. त्याला 'ओमिशन' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तिच्या साक्षीत वाक्य आलं: "मी आरोपीच्या हातास चावले ही बाब माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." खरं म्हणजे कारण सांगता येत होतं. पावणेबारा वाजले होते, हे कारण. पण ते तिला कुणी विचारलं नाही, आणि निकालात तिनं साक्षीत 'सुधारणा' केल्या असं आलं. आमच्याकडं सुधारणा चांगल्या अर्थानं म्हणतात.

त्याहून एक गोष्ट मला जास्त छळते. साक्षीत वकिलाचा प्रश्न लिहीत नाहीत, फक्त तिचं उत्तर, तेही पूर्ण वाक्य करून. वकील विचारतात, तुझे आधीच्या मुकादमाशी संबंध होते ना? ती रडत "नाही" म्हणते. कागदावर येतं: "हे म्हणणे खरे नाही की, माझे आधीचे मुकादमासोबत संबंध होते." पुढचं वाक्य: "हे म्हणणे खरे नाही की, मनोधैर्य योजनेच्या पैशासाठी मी खोटी फिर्याद दिली." मनोधैर्य म्हणजे अशा बायामुलींना सरकारी मदत देणारी योजना. ओळीनं दहा-बारा अशी वाक्यं. विचारणारा कुठंच नाही. वाचणाऱ्याला वाटतं ही बाई आपण होऊनच असलं काहीबाही बोलायलीय. नको तो प्रश्न ज्यानं विचारला तो कागदावर निर्मळ राहतो आणि शब्द तिच्या तोंडी चिकटतात. वरच्या कोर्टात जातो तो हाच कागद.

तिच्या चारित्र्याबद्दल असं विचारायला कायद्यानं मनाई आहे. १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की उलटतपासणी चालू असताना कोर्टानं मुकाट्यानं बघत बसू नये. एका जाणत्या वकिलांनी मला असंही समजावलं की साक्ष सहसा निवेदनासारखी लिहायची असली तरी न्यायाधीशांना वाटलं तर हवा तो भाग प्रश्न-उत्तर करून लिहिता येतो. जुन्या प्रक्रिया संहितेत तशी सोय होती, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही आहे. मग एवढंच करा. असला प्रश्न आला की तो फेटाळा, आणि फेटाळला तरी प्रश्न जसाच्या तसा, विचारणाऱ्याच्या नावावर, लिहून घ्या. माझा अंदाज आहे की स्वतःचं वाक्य स्वतःच्या नावावर टाइप होताना ऐकलं की निम्मे प्रश्न घशातच राहतील. एका कोर्टात मॅडमनी हे केलेलं मी पाहिलंय. वकील म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, प्रश्न मागे घेतो."

आता ऊसतोडीचं. बीडकरांना सांगायची गरज नाही, पण जालना, परभणी, धाराशिवातूनही माणसं जातात. दसरा-दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला कोयता, म्हणजे नवराबायको, गाडीत बसतो तो उन्हाळा लागताना परततो. समन्स निघतं जानेवारीत. बेलिफ म्हणा, पोलीस म्हणा, कुलूप लावलेल्या घरापुढं जाऊन येतात आणि शेरा मारतात, "साक्षीदार मिळून आले नाहीत." दोनदा असं झालं की तिच्या नावानं वॉरंट. एका बाईला पोलिसांनी कोल्हापूरकडच्या फडातून गाडीत घालून आणलं, हातात कोयत्याचे घट्टे, साडीला पाचटाची कुसळं. आरोपी स्वतःच्या मोटारसायकलवर आला होता. मुकादमानं दोन दिवसांचा खाडा धरला तो वेगळा. आणि ज्याच्यावर फिर्याद तोच मुकादम असला तर तिची उचल, तिची मजुरी आणि तिची तारीख तिन्ही एकाच माणसाच्या हातात.

दसऱ्याच्या आधी किंवा पाडव्यानंतर अशा बायांच्या तारखा ठेवायला काय अडचण आहे? नवी संहिता व्हिडिओवरून साक्ष घ्यायला परवानगी देते. ती जिथं तोडीला आहे तिथल्या जवळच्या कोर्टात तिला बसवता येईल. समन्स पाठवताना ठाण्यानं गावातल्या आशाताईला एक फोन केला तरी बाई कुठल्या कारखान्याला गेलीय ते पाच मिनिटांत कळतं.

खोट्या केसेसचं म्हणाल तर तेही पाहिलंय. मुलगी आपखुशीनं पळून गेली म्हणून बापानं पोक्सो लावलेली प्रकरणं आमच्याकडं कमी नाहीत, आणि जमिनीच्या भांडणात सुनेला पुढं केलेलंही एक मला माहीत आहे. त्यांचा निवाडा आपण करता, करावाच. पण म्हणून जिन्याखाली बसलेल्या प्रत्येक बाईकडं त्याच नजरेनं बघितलं जातं, आणि ती नजर शिपायापासून सुरू होते.

फितूर होणाऱ्यांबद्दलही लिहिते. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालात बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा लागण्याचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीच्या निकालांत जे काही असेल, मी पाहिलेल्यांपैकी दोन मुली पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अंधार होता, मी त्याला ओळखलं नाही." एकीला मी बाहेर विचारलं, असं का गं केलंस? ती दलित वस्तीतली, आरोपी ज्याच्या शेतात तिचा बाप सालगडी त्या घरातला. ती म्हणाली, "बाई, सात तारखा झाल्या. दर तारखेला बापाला मालकाला सांगून सुट्टी घ्यावी लागती. कशाला म्हणून सांगावं?" अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता द्यायची तरतूद आहे. तिला सात तारखांत एक रुपया मिळाला नव्हता, अर्ज करायचा असतो हेही कुणी सांगितलं नव्हतं. तिला फितूर कुणी केलं, हा प्रश्न मी अजून सोडवतेय.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपणच असता. २०१३ साली सुरू झालेली मनोधैर्य योजना, दहा लाखांपर्यंतच्या मदतीची, आता त्याच प्राधिकरणातून चालते. तिथला अर्ज, कागदपत्रं, बँकेचं खातं, पुन्हा समितीपुढं तीच सगळी हकिकत. आतापर्यंत किती जणांना सांगितलं असं मी एकीला मोजायला लावलं. ठाण्यात दोनदा, डॉक्टरला, दंडाधिकाऱ्यापुढं, सरकारी वकिलांना, इथं. ती मोजता मोजता थांबली, म्हणाली, "आईला सोडून सगळ्यांला."

शेवटचं मागणं खोलीचं. ११ जानेवारी २०२२ ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं की लहान मुलं आणि अत्याचार झालेल्या बाया यांच्या साक्षीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रं करा, आरोपी समोर दिसणार नाही अशी. काही ठिकाणी झालीही आहेत. एका ठिकाणी मी बघितली, भिंतीवर ससा आणि फुगे काढलेली, छान. दाराला कुलूप होतं. किल्ली कोर्टाचा कारभार बघणाऱ्या नाझरांकडं, नाझर मिटिंगला. तालुक्याच्या कोर्टात तर तीही नाही. तिथं मला ससा नको. बसायला दोन खुर्च्या, कडी लागणारं दार, आणि आरोपीच्या वाटेवर नसलेली मोरी, एवढं पुरे. आमच्या तालुक्यात जिन्याखालच्या बाकामागंच एक खोली आहे, जुन्या रेकॉर्डची, तिच्यात मोडक्या खुर्च्या भरल्यात. मी खिडकीतून मोजल्या, अकरा आहेत.

१९७९ साली चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना असंच खुलं पत्र लिहिलं होतं: उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार. विदर्भातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलिसांनीच अत्याचार केल्याचं ते प्रकरण. नागपूर खंडपीठानं दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली होती, अंगावर जखमा नाहीत म्हणून. पत्रानं ती मुलगी जिंकली नाही. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या चौघांनी मोठं मागितलं. त्यांना कलमांची भाषा येत होती. मला येत नाही, म्हणून मी खोली मागते.

पुढची तारीख मंगळवारी आहे. मुक्कामी गाडीनं निघू, साडेदहापर्यंत पोचू. मुलगी विचारत होती, पाणी तिथं मिळंल का. मी म्हटलं, घरूनच नेऊ.

आपली नम्र,
सोबत येणारी एक निवृत्त अंगणवाडी सेविका